रुईबोस : कॅफिनमुक्त ‘लाल चहा’चे गुण, मर्यादा आणि सावधगिरी

नवी दिल्ली : रात्रीच्या जेवणानंतर कपभर गरम पेय हवे, पण झोप उडायला नको, अशी इच्छा असणाऱ्यांसाठी भारतीय बाजारात गेल्या काही वर्षांत अनेक वनस्पतिजन्य पेये दाखल झाली आहेत. त्यांपैकी दक्षिण आफ्रिकेतून येणारे ‘रुईबोस’ हे मुळातच कॅफिन नसलेले पेय विशेष लोकप्रिय ठरत आहे. मोठ्या शहरांतील दुकाने, उपाहारगृहे आणि ऑनलाइन विक्री संकेतस्थळांवर ते सहज मिळते. त्याच्या वेष्टनांवर आणि जाहिरातींत मात्र हृदयविकारापासून मधुमेहापर्यंत आणि निद्रानाशापासून तान्ह्या बाळाच्या पोटदुखीपर्यंत सर्वांवर ते गुणकारी असल्याचे सुचवले जाते. या दाव्यांना संशोधनाचा आधार किती, हे पेय कोणी निर्धास्तपणे प्यावे आणि कोणी वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये, याचा हा आढावा.

चहा नव्हे, तरीही ‘चहा’

रुईबोस हा आफ्रिकान्स भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘तांबडे झुडूप’ असा होतो. या झुडपाचे शास्त्रीय नाव ‘ॲस्पॅलॅथस लिनिॲरिस’ असे आहे. आसाम, दार्जिलिंग किंवा निलगिरीच्या मळ्यांतील चहा ज्या ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या वनस्पतीपासून तयार होतो, तिच्याशी याचे काहीही नाते नाही. उलट तूर, हरभरा, वाटाणा यांच्या शेंगावर्गीय कुळात रुईबोसचा समावेश होतो. त्याची पाने सुईसारखी बारीक व हिरवी असतात आणि फुले पिवळी असतात.

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम भागात केप टाउनच्या उत्तरेस सेडरबर्ग नावाची डोंगररांग आहे. हिवाळी पाऊस, कोरडा उन्हाळा आणि आम्लधर्मी वालुकामय जमीन हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य आहे. ‘फिनबोस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील झुडूपवनांत रुईबोस नैसर्गिकरीत्या उगवते. क्लॅनविल्यम हे गाव या उद्योगाचे केंद्र मानले जाते. अन्य देशांत या पिकाची लागवड व्यापारी प्रमाणावर यशस्वी झालेली नाही. त्यामुळे जगात कोठेही विकले जाणारे रुईबोस याच भूभागातून आलेले असते.

लागवडीनंतर साधारण दीड वर्षाने पहिली कापणी होते. दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारीपासून पुढील काही महिन्यांत, झुडपांच्या कोवळ्या फांद्या विळ्याने कापल्या जातात. त्यांचे बारीक तुकडे करून ते चेचतात, त्यांवर पाणी शिंपडतात आणि ढीग रचून ठेवतात. हवेतील प्राणवायूशी संयोग झाल्याने हिरवा पाला काही तासांत तांबूस-तपकिरी होतो आणि त्याला मधासारखा गोडसर गंध येतो. त्यानंतर तो उघड्यावर उन्हात पसरून वाळवला जातो. या प्रक्रियेला व्यवहारात ‘किण्वन’ म्हटले जात असले, तरी ते प्रामुख्याने ऑक्सिडीकरण आहे. ही पायरी टाळून थेट वाळवलेला पाला ‘हिरवा रुईबोस’ म्हणून विकला जातो. उघड्यावर वाळवलेल्या पाल्यात जंतूंचा शिरकाव होण्याची शक्यता असल्याने वेष्टनात भरण्यापूर्वी त्यावर वाफेची प्रक्रिया केली जाते.

स्थानिक ज्ञानातून उभा राहिलेला उद्योग

सेडरबर्ग परिसरातील खोई आणि सान या आदिम समुदायांना या झुडपाचा उपयोग पूर्वापार माहीत होता, असे मानले जाते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी, १९०४ च्या सुमारास, रशियातून स्थलांतरित झालेल्या ज्यू कुटुंबातील व्यापारी बेंजामिन गिन्सबर्ग यांनी डोंगराळ भागातील लोकांकडून हा पाला विकत घेऊन त्याचा पद्धतशीर व्यापार सुरू केला. पुढे क्लॅनविल्यम येथील डॉक्टर पीटर ल फ्रास नॉर्टियर यांनी लागवडीचे प्रयोग केले. रुईबोसचे बी अत्यंत बारीक आणि कठीण कवचाचे असते. त्या कवचाला ओरखडा दिल्यास ते चांगले रुजते, हे त्यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. हे बी शेंगेतून फुटून जमिनीवर विखुरते आणि मुंग्या ते आपल्या वारुळात साठवतात. स्थानिक लोकांनी मुंग्यांचा माग काढून वारुळांतून बियाणे मिळवले, तेव्हाच लागवडीला पुरेसे बी उपलब्ध झाले, असे या पिकाच्या इतिहासात सांगितले जाते.

१९५४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत रुईबोसच्या खरेदी-विक्रीसाठी नियंत्रण मंडळ स्थापन झाले. ॲनिक थेरॉन या महिलेने १९६८ मध्ये आपल्या रडक्या तान्ह्या मुलीला दुधातून रुईबोस दिल्यावर ती शांत झाल्याचा अनुभव सांगितला आणि पुढे त्यावर पुस्तकही लिहिले. या एका घरगुती अनुभवातून रुईबोसची ‘आरोग्यदायी पेय’ अशी ख्याती देशाबाहेर पसरली. आज जर्मनी, जपान, नेदरलँड्स आणि ब्रिटन हे या पेयाचे मोठे ग्राहक आहेत.

कॅफिन नसण्याचा लाभ

रुईबोसचा सर्वांत निर्विवाद गुण म्हणजे त्यात कॅफिन नसणे. मेंदूत दिवसभर साठत जाणारे ‘ॲडेनोसिन’ हे रसायन थकव्याची आणि झोपेची जाणीव करून देते. कॅफिन या रसायनाच्या ग्राहींना अडवून धरते, त्यामुळे तरतरी वाटते. शरीरातील कॅफिनचे प्रमाण निम्म्यावर येण्यास प्रौढ व्यक्तीत सरासरी पाच तास लागतात. गरोदरपणात हा कालावधी बराच वाढतो. सायंकाळी सहा वाजता घेतलेल्या कडक चहाचा अंश रात्री अकरा वाजताही शरीरात असतो, तो यामुळेच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था (एनआयएन) यांनी मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसभरातील कॅफिनचे सेवन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा सल्ला दिला आहे. या सूचनांनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि उकळून गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम, तर गरोदर व स्तनदा मातांसाठी २०० मिलिग्रॅम ही मर्यादा सुरक्षित मानली.

या पार्श्वभूमीवर गरोदर महिला, निद्रानाशाचे रुग्ण, कॅफिनमुळे छातीत धडधड होणाऱ्या किंवा आम्लपित्ताचा त्रास वाढणाऱ्या व्यक्ती यांना चहा-कॉफीचे काही कप कमी करून त्याऐवजी रुईबोस घेता येऊ शकते. मात्र येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. रुईबोसमुळे झोप ‘लागते’ असे सिद्ध झालेले नाही. चहा-कॉफीमुळे जी झोप ‘उडते’, ती रुईबोसमुळे उडत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

‘कॅफिनमुक्त’ आणि ‘कॅफिन काढलेले’ हे शब्दही समानार्थी नाहीत. कॅफिन काढून टाकलेल्या चहा-कॉफीत त्याचा थोडा अंश शिल्लक राहतो. रुईबोसमध्ये ते मुळातच नसते. त्याचप्रमाणे ‘वनस्पतिजन्य’ म्हणजे कॅफिनमुक्त, हा समजही चुकीचा आहे. दक्षिण अमेरिकेतील ‘येर्बा माते’ हे पेय झाडाच्या पानांपासूनच बनते, पण त्यात भरपूर कॅफिन असते. आपल्याकडील गवती चहाच्या पातीत कॅफिन नसते. परंतु घरोघरी ती पात चहापुडीबरोबर उकळली जात असल्याने तयार होणारा चहा कॅफिनमुक्त राहत नाही.

लोहशोषणाचा प्रश्न

भारतासाठी अधिक महत्त्वाचा मुद्दा रक्तक्षयाचा, म्हणजेच ॲनिमियाचा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. चहातील टॅनिन अन्नातील लोहाशी संयोग पावून त्याचे शोषण रोखते. म्हणूनच जेवणापूर्वी किमान एक तास आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे आयसीएमआर-एनआयएनच्या सूचनांत म्हटले आहे. डाळी, पालेभाज्या, बाजरी, नाचणी यांतून मिळणाऱ्या लोहाचे शोषण मुळातच कमी असल्याने शाकाहारी व्यक्तींना हा सल्ला अधिक लागू पडतो.

रुईबोसमध्ये टॅनिनचे प्रमाण चहापेक्षा कमी असते. दक्षिण आफ्रिकेत १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० निरोगी तरुणांच्या तीन गटांना लोहाबरोबर अनुक्रमे पाणी, रुईबोस आणि साधा चहा देण्यात आला. पाण्याबरोबर ९.३४ टक्के, रुईबोसबरोबर ७.२५ टक्के, तर चहाबरोबर केवळ १.७० टक्के लोह शोषले गेले. अभ्यासातील व्यक्तींची संख्या लहान असली, तरी चहा आणि रुईबोस यांतील तफावत ठळक आहे. जेवणाबरोबर काही गरम पिण्याची सवय सुटत नसेल, तर चहापेक्षा रुईबोस बरे, असे म्हणण्यास त्यामुळे आधार मिळतो. तथापि रुईबोस हा रक्तक्षयावरील उपाय नाही. लोहाच्या गोळ्या आणि लोहयुक्त आहार यांची जागा ते घेऊ शकत नाही. या गोळ्या पाण्याबरोबर अथवा लिंबाच्या सरबतासारख्या ‘क’ जीवनसत्त्वयुक्त पेयाबरोबर घेणेच इष्ट ठरते.

हृदय आणि रक्तदाब : आशादायी, पण अपुरा पुरावा

रुईबोसमध्ये ‘ॲस्पॅलॅथिन’ नावाचे एक पॉलिफेनॉल असते. निसर्गात ते जवळपास केवळ याच वनस्पतीत आढळते. त्याशिवाय नोथोफॅगिन, ओरिएन्टिन, क्वेर्सेटिन आदी घटकही त्यात असतात. प्रयोगशाळेत हे घटक ऑक्सिडीकरणरोधक असल्याचे दिसते. लाल रुईबोस तयार करण्याच्या प्रक्रियेत ॲस्पॅलॅथिनचा मोठा भाग नष्ट होतो. हिरव्या रुईबोसमध्ये तो टिकून राहतो.

मानवी अभ्यासांपैकी सर्वाधिक उल्लेखला जाणारा अभ्यास केप टाउन येथील संशोधक जनीन मार्नविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा असून तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकाराची जोखीम असलेल्या ४० प्रौढांनी सहा आठवडे दररोज सहा कप रुईबोस घेतले. या काळात त्यांच्या रक्तातील घातक मानल्या जाणाऱ्या एलडीएल कोलेस्टेरॉलचे सरासरी प्रमाण प्रति डेसिलिटर सुमारे १७८ मिलिग्रॅमवरून १५१ मिलिग्रॅमवर आले आणि हितकर एचडीएलचे प्रमाण सुमारे ३५ वरून ४६ मिलिग्रॅमवर गेले. निष्कर्ष उत्साहवर्धक असले, तरी सहभागींची संख्या कमी होती आणि कालावधी सहाच आठवड्यांचा होता. यामुळे हृदयविकाराचे झटके टळतात की नाही, हे अशा अभ्यासातून कळू शकत नाही.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात १७ निरोगी व्यक्तींना ४०० मिलिलिटर रुईबोस देण्यात आले. रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या यंत्रणेतील ‘एसीई’ या विकराची क्रियाशीलता त्यानंतर अर्ध्या तासाने आणि तासाभराने घटलेली आढळली. रक्तदाबाची काही औषधे याच विकरावर काम करतात. प्रत्यक्षात त्या व्यक्तींच्या रक्तदाबात मात्र उल्लेखनीय फरक पडला नाही. प्रयोगशाळेतील परिणाम आणि रुग्णाला होणारा लाभ यांत किती अंतर असू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मधुमेहाबाबतही अशीच स्थिती आहे. ॲस्पॅलॅथिनमुळे उंदरांच्या रक्तातील साखर कमी झाल्याचे प्रयोग उपलब्ध आहेत. परंतु या प्रयोगांत वापरलेला अर्क आणि घरी पाण्यात मुरवलेला कपभर काढा यांच्या मात्रेत मोठी तफावत असते. शिवाय प्यायलेल्या पेयातील ॲस्पॅलॅथिनचा अत्यल्प अंशच मानवी रक्तात उतरतो, असे शोषणविषयक अभ्यासांत दिसून आले आहे. त्यामुळे मधुमेही रुग्णाला रुईबोसचा खरा लाभ होतो तो साखर आणि कॅफिन टाळून एक चवदार पेय मिळण्याचा. त्याच्या भरवशावर औषधाची मात्रा कमी करणे धोक्याचे ठरेल.

कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, जस्त यांनी रुईबोस समृद्ध असल्याचा दावाही अनेकदा केला जातो. कपभर पेयातून मिळणारी या खनिजांची मात्रा आहारदृष्ट्या नगण्य असते.

सुरक्षितता : कोणी सावध राहावे

दक्षिण आफ्रिकेत पिढ्यान् पिढ्या हे पेय रोजच्या आहारात आहे आणि निरोगी प्रौढांनी दिवसाकाठी दोन-तीन कप घेतल्यास गंभीर अपाय होत असल्याचे आढळलेले नाही. तरीही पुढील बाबी दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत.

यकृताचे विकार : फिनलंडमधील डॉक्टरांनी २०१० मध्ये एका महिलेच्या प्रकरणाची नोंद प्रसिद्ध केली. रक्ताच्या कर्करोगासाठी उपचार घेत असलेली ही महिला रुईबोस नियमित पीत होती. तिच्या यकृतातील विकरांचे प्रमाण वाढलेले आढळले आणि रुईबोस बंद केल्यावर ते पूर्ववत झाले. ती अन्य औषधेही घेत असल्याने दोष केवळ रुईबोसचा होता, असे ठामपणे म्हणता येत नाही आणि अशा नोंदी जगभरात अगदी मोजक्या आहेत. मात्र ज्यांना यकृताचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच हे पेय घ्यावे. पेय सुरू केल्यानंतर डोळे पिवळे दिसणे, गडद लघवी होणे, अन्नावरची वासना उडणे अशी लक्षणे जाणवल्यास ते त्वरित थांबवून तपासणी करून घ्यावी.

औषधांशी परस्परक्रिया : यकृतातील ‘सीवायपी३ए४’ हे विकर अनेक औषधांचे विघटन करते. कोलेस्टेरॉल कमी करणारी काही स्टॅटिन औषधे त्यांत मोडतात. रुईबोसचा, विशेषतः हिरव्या रुईबोसचा, अर्क या विकराला अडथळा करू शकतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. रोजच्या एक-दोन कपांनी असा परिणाम घडल्याचा पुरावा नाही. परंतु संहत अर्काच्या गोळ्या किंवा भुकटी ही वेगळी बाब आहे. नियमित औषधे घेणाऱ्यांनी अशा गोळ्या परस्पर सुरू करू नयेत.

संप्रेरकांशी निगडित कर्करोग : प्रयोगशाळेतील काही चाचण्यांत रुईबोसमधील घटकांची सौम्य इस्ट्रोजेनसदृश क्रिया आढळली आहे. स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या संप्रेरकसंवेदी कर्करोगाचे उपचार सुरू असलेल्या अथवा पूर्वी घेतलेल्या महिलांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलून निर्णय घ्यावा.

गरोदरपण आणि स्तनपान : कॅफिन नसल्याने हे पेय गरोदर महिलांना सुचवले जाते आणि माफक प्रमाणात ते घेण्यास सहसा आक्षेप घेतला जात नाही. परंतु गरोदर महिलांवरील मोठे अभ्यास झालेले नसल्याने एक-दोन कपांची मर्यादा पाळणे आणि डॉक्टरांना त्याची कल्पना देणे उचित ठरते.

तान्ही बाळे : रुईबोस बाळाच्या पोटदुखीवर गुणकारी असल्याचा प्रचार एका मातेच्या अनुभवावर आधारलेला आहे. त्याला वैद्यकीय चाचण्यांचा भक्कम आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, पाणीही देऊ नये. वरचे कोणतेही पेय दिल्यास बाळाचे पोट त्यानेच भरते, दूध कमी जाते आणि अस्वच्छ पाण्यातून संसर्ग होण्याचा धोका वाढतो. बाळ सतत रडत असेल, तर घरगुती पेयाऐवजी बालरोगतज्ज्ञांकडे जाणे हाच मार्ग आहे.

मिश्रणांतील छुपे घटक

बाजारात मिळणाऱ्या अनेक पाकिटांत रुईबोस एकटे नसते. त्यात ज्येष्ठमध, जास्वंद, कॅमोमाइल, दालचिनी, कधी सोनामुखी तर कधी साधा किंवा हिरवा चहाही मिसळलेला असतो. अशा वेळी सुरक्षिततेचा विचार प्रत्येक घटकासाठी स्वतंत्रपणे करावा लागतो. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. जास्वंदाच्या प्रजातीतील ‘रोझेल’ रक्तदाब काहीसा कमी करते, त्यामुळे रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी सावध राहावे. कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातील असल्याने त्या फुलांची ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनीही ते टाळावे. ‘वजन घटवणारा चहा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत अनेकदा सोनामुखी हे रेचक असते. त्याने चरबी नव्हे, तर शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात. पाकिटात चहा मिसळलेला असल्यास ‘कॅफिनमुक्त’ हा मूळ हेतूच संपतो.

आणखी एक धोका शेतातून येतो. रुईबोसच्या शेतात ‘सेनेसिओ’ वर्गातील तण उगवते. त्यात यकृताला घातक असे पायरोलिझिडिन अल्कलॉइड असतात. कापणीच्या वेळी हे तण पाल्यात मिसळल्यास ती द्रव्ये कपापर्यंत पोहोचू शकतात. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून वाळलेल्या रुईबोसमध्ये या द्रव्यांची कमाल मर्यादा किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम निश्चित केली आहे. हा धोका रुईबोसपुरता मर्यादित नाही. कॅमोमाइल, पुदिना आदी वनस्पतींच्या पेयांनाही तो लागू आहे. त्यामुळे सुट्या, निनावी पाल्यापेक्षा उत्पादक, आयातदार, परवाना क्रमांक आणि घटकांची संपूर्ण यादी नमूद असलेले पाकीट घेणे अधिक सुरक्षित आहे.

नाव आणि दावे : भारतातील नियम

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले की, ‘चहा’ अर्थात ‘टी’ हा शब्द केवळ कॅमेलिया सायनेन्सिसपासून बनलेल्या उत्पादनांसाठीच वापरता येईल. ‘रुईबोस टी’, ‘हर्बल टी’, ‘फ्लॉवर टी’ अशा नावांनी अन्य वनस्पतींची पेये विकणे हे ग्राहकांची दिशाभूल करणारे असून, ते चुकीच्या नामांकनात मोडते, असे प्राधिकरणाने म्हटले आहे. ऑनलाइन विक्रेत्यांनाही हा निर्देश लागू आहे. त्यामुळे या पेयांवर बंदी आलेली नाही. केवळ त्यांच्या वेष्टनावरील नावाचा प्रश्न आहे.

आरोग्यविषयक दाव्यांसाठी अन्न सुरक्षा व मानके (जाहिराती व दावे) विनियम, २०१८ लागू आहेत. त्यानुसार अन्नपदार्थ रोग बरा करतो किंवा टाळतो, असा दावा करता येत नाही. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ हाही मधुमेह, कर्करोग, उच्च रक्तदाब आदी विकारांवर हमखास उपाय असल्याच्या जाहिरातींना मनाई करतो. पाकिटावर असे आश्वासन असल्यास त्या उत्पादकाच्या अन्य माहितीकडेही साशंकतेने पाहावे.

झुडूप कोणाचे? हक्काचा प्रश्न

रुईबोसच्या कथेत आरोग्याइतकाच न्यायाचाही प्रश्न गुंतलेला आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत ‘रुईबोस’ या शब्दावर एका खासगी कंपनीने व्यापारचिन्हाचा हक्क नोंदवला. परिणामी दक्षिण आफ्रिकेतील उत्पादकांनाच आपल्या झुडपाचे नाव तेथे वापरता येईना. दीर्घ कायदेशीर लढ्यानंतर २००५ मध्ये हा हक्क सोडून देण्यात आला. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावरील अमेरिकी पेटंट भारतीय वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या (सीएसआयआर) आक्षेपानंतर १९९७ मध्ये रद्द झाले होते. त्या लढ्याची आठवण करून देणारा हा प्रसंग होता. २०२१ मध्ये युरोपीय संघाने ‘रुईबोस’ला संरक्षित मूळस्थान दर्शक नावांच्या नोंदवहीत स्थान दिले. असे संरक्षण मिळालेले ते आफ्रिकेतील पहिले खाद्योत्पादन ठरले.

देशाबाहेर नावाचे रक्षण झाले, पण ज्यांच्या ज्ञानावर हा उद्योग उभा राहिला त्या खोई आणि सान समुदायांना त्यातून काही मिळत नव्हते. अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये उद्योगाने या समुदायांशी करार केला. त्यानुसार शेतकऱ्याकडून खरेदी होणाऱ्या रुईबोसच्या किमतीच्या दीड टक्का इतकी रक्कम दरवर्षी या समुदायांच्या निधीत जमा करण्याचे ठरले. जैविक संसाधनांच्या लाभाची न्याय्य वाटणी व्हावी, या २०१० च्या नागोया प्रोटोकॉलमधील तत्त्वाची एका संपूर्ण उद्योगाने केलेली ही अंमलबजावणी जगभर अभ्यासली जाते. भारतातही जैविक विविधता कायदा, २००२ याच तत्त्वावर आधारलेला आहे.

तरीही जमिनीची मालकी आणि प्रक्रिया उद्योग प्रामुख्याने मोठ्या शेतमालकांच्या हाती आहेत. वुपरथाल आणि सुइड बोक्केवेल्ड परिसरातील छोटे शेतकरी सहकारी संस्थांच्या आधारे आपला माल बाहेर पाठवतात. २००१ मध्ये स्थापन झालेली हायवेल्ड सहकारी संस्था हे त्याचे उदाहरण आहे. विशिष्ट हवामानाच्या चिंचोळ्या पट्ट्यातच हे पीक येत असल्याने वाढते तापमान आणि अवर्षण ही त्यांच्यापुढील मोठी चिंता आहे.

कसे प्यावे

एका कपासाठी साधारण चमचाभर, म्हणजे दोन ते अडीच ग्रॅम, रुईबोस पुरेसे होते. उकळत्या पाण्यात ते पाच ते दहा मिनिटे झाकून मुरवावे. टॅनिन कमी असल्याने अधिक वेळ ठेवले तरी ते चहासारखे कडवट होत नाही. आच देऊन उकळले तरी चालते. दूध घालूनही ते प्यायले जाते. लिंबू, आले किंवा पुदिना यांच्याशी त्याची चव जुळते. साखर मात्र जपून वापरावी. दिवसाला चार कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, असा हिशेब धरल्यास ३० ग्रॅमहून अधिक साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने अधिक लाभासाठी सुचवलेली मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅम आहे. कॅफिन टाळण्याच्या नादात साखर वाढली, तर मिळवण्यापेक्षा गमावणेच अधिक होईल.

चहा-कॉफी एकदम सोडल्यास काहींना दोन-चार दिवस डोकेदुखी, चिडचिड किंवा सुस्ती जाणवते. ती कॅफिनची सवय सुटत असल्याची लक्षणे असतात. त्यामुळे प्रथम सायंकाळचा आणि मग दुपारचा कप बदलत टप्प्याटप्प्याने बदल करणे सोयीचे ठरते.

रुईबोस हे एक चवदार, कॅफिनमुक्त आणि बहुतेकांसाठी सुरक्षित पेय आहे. लोहशोषणात ते चहाइतका अडथळा आणत नाही. कोलेस्टेरॉलबाबत त्याचा प्राथमिक अभ्यास आशा दाखवतो. यापलीकडचे दावे अद्याप मोठ्या मानवी चाचण्यांच्या कसोटीवर उतरलेले नाहीत. पेय म्हणून त्याचा आस्वाद घ्यावा. औषध म्हणून त्यावर विसंबू नये आणि कोणताही विकार अथवा उपचार सुरू असल्यास आपण हे पेय घेत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.